राउटर हॉलमध्ये, संगणक आतल्या खोलीत

फायबर बसवायला आलेला मुलगा हॉलच्या खिडकीतून केबल आत घेतो, टीव्हीच्या वर भिंतीला दोन भोकं पाडतो, राउटर लटकवतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि सही घेऊन पुढच्या घरी जातो. अर्ध्या तासात घरातले सगळे मोबाइल जोडलेले असतात, टीव्हीसुद्धा. आतल्या खोलीतला डेस्कटॉप तेवढा कोरडा राहतो. त्याच्या पडद्यावर वायफायचं चिन्हच उमटत नाही, कारण त्याच्या पोटात रेडिओच नसतो. जिन्यात गाठून विचारलं तर मुलगा उतरता उतरता सांगतो, “एक डोंगल घ्या ना काका, पाचशेला मिळतं.”

ते पाचशेचं डोंगल घ्यावं का, घ्यायचं तर कोणतं आणि घेतल्यावर ते चालत का नाही, या तीन प्रश्नांसाठी मला जेवढे फोन येतात तेवढे दुसऱ्या कशासाठी येत नाहीत. प्रत्येक गोतावळ्यात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ एक जण असतो. आमच्याकडे ते काम माझ्या गळ्यात पडलं आहे. इतकी डोंगलं खोचून आणि उपसून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की माणसं खोक्यावरचा मोठा आकडा बघून पैसे मोजतात. बघायला हव्यात त्या दोन गोष्टी, आत चिप कुठली आहे आणि ती घरात कुठे बसणार आहे, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

डेस्कटॉपला वायफाय का नसतं, याला इतिहास आहे. पूर्वी नेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, म्हणून संगणक टेलिफोनजवळ मांडला जाई. बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा २००५ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे आणि मोडेमपासून सीपीयूपर्यंत हातभर केबल पुरायची. योगायोग असा की त्याच महिन्यात केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम काढले. घरोघरच्या वायफायचा आपल्याकडचा पाया तो. लॅपटॉपवाले तोवर पुढे निघून गेले होते. इंटेलने मार्च २००३ मध्ये ‘सेंट्रिनो’ आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय हा कीबोर्डसारखा अंगचाच भाग होऊन बसला. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर मात्र तारेचं पोर्ट देऊन कंपन्या मोकळ्या झाल्या. जे यंत्र जागचं हलणार नाही त्याला बिनतारी सोय कशाला, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. आपल्या घरांत झालं एवढंच की नेटचं तोंड टेलिफोनपासून उठून टीव्हीजवळ गेलं आणि संगणक होता तिथेच राहिला.

मूळ तंत्राची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण पुढचे आकडे तिच्याशिवाय उमगत नाहीत. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. मायक्रोवेव्ह ओव्हन वगैरेंच्या गोंगाटामुळे ते पट्टे जवळजवळ टाकाऊच समजले जात. त्याच गावकुसाबाहेरच्या जागेवर १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक उभं राहिलं, वेग २ एमबीपीएस. १९९९ मध्ये तो ११ वर गेला. त्याच वर्षी अॅपलने वायफायची सोय असलेला ‘आयबुक’ बाजारात आणला आणि नाव ठेवण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीकडून ‘वायफाय’ हे नाव बनवून घेण्यात आलं. त्या नावाला काही अर्थ नाही. ‘वायरलेस फिडेलिटी’ ही फोड मागाहून चिकटवलेली. हेडी लामार या नटीने वायफायचा शोध लावला असा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतो. तिच्या नावावर १९४२ चं पेटंट आहे हे खरं, पण त्यातली वारंवारता बदलत राहण्याची युक्ती वायफायच्या पहिल्या मानकात एक पर्याय म्हणून होती आणि लवकरच मागे पडली. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींचा गुंता सोडवण्याच्या कामी ऑस्ट्रेलियाच्या ‘सीएसआयआरओ’ या सरकारी संस्थेतल्या जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पेटंट जास्त मोलाचं ठरलं. ही मंडळी मुळात रेडिओ खगोलशास्त्रातून आलेली. त्या पेटंटवर संस्थेने पुढे कंपन्यांकडून ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर वसूल केले.

आता खोक्यावरचे आकडे. २००९ चं ‘एन’, २०१३ चं ‘एसी’ आणि २०२१ चं ‘एएक्स’ अशी मानकं आली. ती अक्षरं गिऱ्हाइकाच्या डोक्यात राहत नाहीत म्हणून २०१८ पासून त्यांना वायफाय ४, ५, ६ असे क्रमांक दिले गेले. हा बदल चांगला होता. पण अॅडॅप्टरच्या, म्हणजे डोंगल किंवा कार्डाच्या, खोक्यावर अजूनही ‘एसी ६००’, ‘एसी १३००’, ‘एएक्स १८००’ असंच ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक त्याला वेग समजतं. प्रत्यक्षात ती बेरीज असते. ‘एसी ६००’ म्हणजे २.४ च्या पट्ट्यावर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३, वर पूर्णांक करून ६००. अॅडॅप्टर एका वेळी यातला एकच पट्टा वापरतो, म्हणजे ही बेरीज घरात कधीच होत नाही. दादर ते पुणे रेल्वेने तीन तास आणि एसटीने चार, म्हणून प्रवास सात तासांचा, असं कुणी म्हणेल का? त्यातही ४३३ हा हवेतला वेग. एकाच वाहिनीवर आळीपाळीने बोलणं-ऐकणं, पोचपावत्या, शेजाऱ्यांसाठी थांबणं हे सगळं वजा जाऊन हातात साधारण निम्मा पडतो. सगळ्यात स्वस्त, नखाएवढ्या ‘एन १५०’ डोंगलचं तर आणखी वाईट. त्याचे १५० दुहेरी रुंदीच्या वाहिनीवर मिळतात. शेजारीपाजारी नेटवर्कं असली की राउटर रुंदी आवरती घेतो, १५० चे ७२ होतात आणि फाइल उतरवताना ३०-४० दिसले तरी नशीब. तुमचा प्लॅन ३० एमबीपीएसचा असेल तर यात काहीच बिघडत नाही. १०० चा प्लॅन घेऊन त्याच्यापुढे हे डोंगल लावणं म्हणजे विहिरीवर मोठा पंप बसवून पुढे बागेची नळी जोडणं.

आकारांचं प्रकरण पटकन उरकतो. यूएसबीत खोचायचं नखाएवढं डोंगल, तसंच पण अँटेना असलेलं मोठं डोंगल, सीपीयू उघडून मदरबोर्डवर बसवायचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आणि नव्या मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेत बसणारं तिकिटाएवढं कार्ड, असे चार. कार्डं डोंगलांपेक्षा स्थिर चालतात हा माझा अनुभव. पण दोन खाचखळगे आहेत. कार्डात ब्लूटूथही असेल तर त्यासाठी एक वेगळी बारीक वायर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडावी लागते. ती खोक्याच्या तळाशी पडून राहते आणि मग वायफाय चालतं पण ब्लूटूथ चालत नाही अशी तक्रार येते. दुसरं, इंटेलची ‘एएक्स २०१’ आणि ‘एएक्स २११’ ही कार्डं फक्त इंटेलच्याच ठरावीक मदरबोर्डांवर चालतात, कारण त्यांचं अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला होतं. ‘एएक्स २००’ आणि ‘२१०’ कुठेही चालतात. एका आकड्याचा फरक, दिसायला सख्खी भावंडं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घासाघीस करून स्वस्तात कार्ड मिळालं म्हणून खूश होण्याआधी तो शेवटचा आकडा वाचावा.

आता चिप आणि तिला चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर. इथे जरा थांबतो, कारण माणसं अडतात ती इथेच.

२०२० च्या जूनमध्ये ठाण्याला ताईकडे हाच प्रसंग आला. शाळा घरात आलेली, भाच्याचे वर्ग मोबाइलवर चाललेले आणि जुना डेस्कटॉप नेटवाचून धूळ खात होता. ऑनलाइन डोंगल मागवलं. खोक्यात डोंगल, चार घड्यांचा कागद आणि एक छोटी सीडी. सीपीयूचा सीडी ड्राइव्ह कधीच मेलेला. कागदावर लिहिलेलं की ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. “मामा, नेट चालू करायला नेट लागतंय,” भाचा फोनवर म्हणाला. गावाकडे अंधारात चाचपडत आगपेटी शोधणं असतं, त्यातलीच गत.

सुटका त्याच्या हातातच होती. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने सीपीयूला जोडायचा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. विंडोज त्याला तारेचं नेट समजतं, बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. गंमत पुढेच आहे. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून संगणकाला देतात, डेटा पॅक खर्च होत नाही. म्हणजे मोबाइलच अॅडॅप्टर होतो. कपाटात पडलेला, पडद्याला तडा गेलेला जुना फोन असेल तर पाचशे रुपयेही वाचतील. दुकानदार ही गोष्ट सांगत नाही, यात नवल नाही.

मग कुठला ड्रायव्हर उतरवायचा? डोंगलवर छापलेलं कंपनीचं नाव इथे फार उपयोगी नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम, इंटेल, ब्रॉडकॉम. वरचं प्लास्टिक शंभर जणांचं. त्यात एकाच मॉडेलच्या पोटात आवृत्तीगणिक वेगळी चिप निघते. याचं प्रसिद्ध उदाहरण टीपी-लिंकच्या ‘टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन’चं. पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची आली. बाहेरून तेच रूप, तीच अँटेना, पण एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. म्हणून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जावं, पिवळं उद्गारचिन्ह असलेल्या ओळीवर उजवी कळ दाबून तपशिलातला ‘हार्डवेअर आयडी’ बघावा. त्यात ‘व्हीआयडी’पुढे ० बीडीए असेल तर चिप रिअलटेकची, ० ई ८ डी असेल तर मीडियाटेकची, १४८ एफ असेल तर जुन्या रॅलिंकची. रॅलिंक २०११ मध्येच मीडियाटेकने विकत घेतली आहे. क्वचित डोंगल बनवणारी कंपनी तिथे स्वतःचा क्रमांक घालते. मग तो आख्खा आयडी जसाच्या तसा शोधावा. त्याच खिडकीत बिघाडाचा कोडही दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही. या दोन आकड्यांवर निम्मं निदान होतं.

आणखी एक चकवा आहे. काही डोंगलं खोचल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात. त्या खोट्या सीडीत ड्रायव्हर ठेवलेला असतो. तो बसला की डोंगल रूप बदलून वायफाय होतं. युक्ती चांगली आहे, पण ठाऊक नसलं की माणूस ‘हे तर पेनड्राइव्हसारखं दिसतंय, फसवलं’ म्हणून परत पाठवतो. मीही एक पाठवलं आहे.

लिनक्सवाल्यांची कथा निराळी आणि काहीशी उलटी. एके काळी विंडोजचा ड्रायव्हर ‘एनडिसरॅपर’ नावाच्या वेष्टनात गुंडाळून लिनक्सच्या गळी उतरवावा लागे. आज इंटेलची कार्डं आणि मीडियाटेकच्या बऱ्याच चिपा यांचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहेत. खोचलं की चालतं, विंडोजपेक्षाही सरळ. अनेक रिअलटेक यूएसबी चिपांसाठी मात्र वर्षानुवर्षं बाहेरून ड्रायव्हर आणून संगणकावरच बांधावा लागला, आणि कर्नेल बदललं की पुन्हा बांधावा लागला. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला असा ड्रायव्हर यंत्र घेतही नाही. जुन्या संगणकावर लिनक्स घालून तो मुलांना द्यायचा बेत असेल तर आधी चिप ठरवावी, मग डोंगल. उलटा क्रम केला की रविवार गेला.

ताईकडे ड्रायव्हर बसला, नेटवर्कांची यादी आली, पासवर्ड घातला, वर्ग सुरू झाला आणि दर पाच मिनिटांनी बाईंचा चेहरा गोठायला लागला. चिपचा प्रश्न संपला होता, जागेचा सुरू झाला होता.

लॅपटॉपच्या अँटेना पडद्याच्या कडेने फिरवलेल्या असतात, म्हणजे टेबलाच्या वर, मोकळ्या हवेत. डेस्कटॉपचं डोंगल आपण खोचतो सीपीयूच्या पाठीमागे. सीपीयू टेबलाखाली, त्याची पाठ भिंतीला, मध्ये पत्र्याचं आख्खं कॅबिनेट. राउटर ज्या दिशेला आहे नेमकी त्याच दिशेला लोखंडाची आडभिंत. ताईकडे शिवाय शेजारी आरशाचं लोखंडी कपाट होतं. लोखंड आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवतो, पाणी त्या पितं. म्हणून माशांची टाकी, पाण्याचा पिंप आणि समोर उभी राहिलेली माणसं, सगळ्यांनी सिग्नल थोडाथोडा घटतो. कोकणातल्या जांभ्याच्या किंवा जुन्या वाड्यातल्या हातभर जाड भिंतीचं तर विचारूच नका. आणि ती पावसाळ्यात ओल धरून असेल तर आणखी. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींपुढे २.४ पेक्षा लवकर माघार घेतात.

सिग्नल मोजतात डीबीएममध्ये, उणे आकड्यांत. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला जोडणी नुसती नावाला. दर तीन अंकांनी शक्ती निम्मी होते, हे ध्यानात घेतलं तर ६७ आणि ८० मधली दरी किती खोल आहे ते कळेल. काड्या बघून यातलं काही समजत नाही. मोबाइलवर सिग्नल मोजणारं एखादं फुकट अॅप घ्यावं, मोबाइल सीपीयूच्या मागे डोंगलच्या जागी नेऊन धरावा आणि मग टेबलावर, खिडकीपाशी, दाराच्या चौकटीपाशी. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, त्यामुळे वीतभर इकडेतिकडे सरकवूनही आकडा पाच-दहाने बदलतो. हा जादूटोणा नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना खोडतात.

उपाय शंभर रुपयांचा आहे. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल. भाच्याने ती लावून डोंगल टेबलाच्या दाराकडच्या कडेला सेलोटेपने चिकटवलं आणि उणे ७८ चे उणे ६० झाले. तेच डोंगल, तोच राउटर. याचा आणखी एक फायदा आहे. यूएसबी ३ चं निळं पोर्ट वेगाने काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट करतं. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारच्या पोर्टात डोंगल अशी मांडणी असेल तर फाइल कॉपी करायला घेतली की नेट मान टाकतं. डोंगल मीटरभर दूर गेलं की हे भांडण मिटतं. कार्ड घ्यायचं असेल तर अँटेना पाठीत स्क्रूने बसणाऱ्या न घेता वायरवर लांब नेता येणाऱ्या, लोहचुंबकाच्या बैठकीच्या बघाव्यात. आणि अँटेना मोठी म्हणजे डोंगल भारी हाही भ्रमच. मी एक बिनकामाचं डोंगल फोडून पाहिलं, तर त्याच्या टोलेजंग अँटेनेच्या आत तार कशालाच जोडलेली नव्हती. नुसती शोभा!

सोसायट्यांमध्ये गर्दीचाही प्रश्न आहे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरतात, १, ६ आणि ११. मजल्यावर चार, वर-खाली आठ, समोरच्या विंगमधली दहा-बारा, अशी वीस-पंचवीस नेटवर्कं या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बसलेली असतात. विरारच्या लोकलमध्ये चौथी सीट असते तसं. म्हणून शहरात डोंगल घ्यायचंच तर दोन्ही पट्ट्यांचं घ्या, नुसत्या २.४ चं घेऊ नका, वाचलेले दोनशे रुपये सहा महिन्यांत शिव्यांत फिटतात. गावात सुट्या घरात राहणाऱ्याला मात्र २.४ उत्तम, दूरवर पोचतं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांचा मोठा भाग आपल्याकडे घराबाहेरच्या वापरालाही ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला, त्यामुळे अंगणातल्या खोलीचा प्रश्नही आता नियमाचा नाही, भिंतीचा आहे.

इथे एका गैरसमजाची नोंद करायला हवी. राउटर बसवणारे नेटवर्कची दोन नावं ठेवतात आणि एकाच्या शेपटाला ‘५ जी’ लावतात. तो ५ गिगाहर्ट्झचा ५ आहे. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचं काही नातं नाही. “आमचा फोन फोर-जी आहे म्हणून मी त्या नावाला हातच लावत नाही,” असं एक निवृत्त मुख्याध्यापक मला गंभीरपणे म्हणाले होते. दोष त्यांचा नाही.

जोडलं तर आहे, पण नेट नाही, ही तक्रार अॅडॅप्टरच्या खात्यावर मांडली जाते आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो. संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पासवर्ड किंवा राउटर तपासा. गावोगावचे केबलवाले नेट देताना ग्राहकाच्या कार्डाचा मॅक क्रमांक आपल्याकडे बांधून ठेवतात. मधे राउटर नसेल आणि तुम्ही कार्ड बदललं तर त्यांना फोन करून नवा क्रमांक सांगावा लागतो, त्याशिवाय डोकं आपटूनही काही होत नाही. राउटरवर ‘टीकेआयपी’ हे जुनं कुलूप निवडलेलं असेल तर नवा अॅडॅप्टरसुद्धा ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. तिथे ‘एईएस’ हवं. उलट राउटर फक्त ‘डब्ल्यूपीए ३’ वर ठेवला तर जुना अॅडॅप्टर दारातच अडतो, तेव्हा २ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडावा. विंडोज वीज वाचवायला डोंगल झोपवून ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या परवानगीची खूण काढली की ‘दर अर्ध्या तासाने तुटतं’ हे गाऱ्हाणं बंद होतं. आणि माझं आवडतं कारण म्हणजे मदरबोर्डवरचा मेलेला सेल. संगणक २००९ सालात जागा होतो, तारखेमुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात आणि एकही पान उघडत नाही. वीस-तीस रुपयांचा सेल बदलायचा असतो, लोक डोंगल बदलतात.

कुलपाचा विषय आपल्याकडे पुस्तकी नाही. ‘वेप’ हे पहिलं कुलूप २००१ मध्येच मोडून दाखवलं गेलं होतं, तरी पुढे कित्येक वर्षं घरोघरी तेच, किंवा कुलूपच नाही, अशी स्थिती होती. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारी ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वायफायवरून गेली होती. तिथे राहणाऱ्या परदेशी भाडेकरूच्या दारात तपास येऊन उभा राहिला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरात उघडी वायफाय शोधत फिरण्याची मोहीमही जाहीर केली होती. पासवर्ड ठेवायलाच हवा, तोही राउटरच्या बुडाला छापलेला तसाच न ठेवता बदलून. आणि ‘डब्ल्यूपीएस’चं बटण सोयीचं असलं तरी त्याची आठ अंकी पिन बंद ठेवावी. २०११ च्या अखेरीस उघड झालं की ती दोन तुकड्यांत तपासली जाते, म्हणून दहा कोटींऐवजी जेमतेम ११ हजार प्रयत्नांत सापडते.

इतकं सगळं सांगून झाल्यावर माझा सल्ला विचाराल तर शक्य असेल तिथे अॅडॅप्टर घेऊच नका. जागचा न हलणाऱ्या डेस्कटॉपला तारेइतकं चांगलं काही नाही. हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत दहा-पंधरा मीटर कॅट ६ केबल, पायपट्टीच्या कडेने किंवा दाराच्या चौकटीवरून, रंगाच्या वेळी केसिंगमध्ये घालून टाकावी. सीपीयूच्या पाठीतलं पोर्ट पहिल्या दिवसापासून तिची वाट बघत असतं. ताईकडे दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी रंग काढला तेव्हा आम्ही तेच केलं. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, तीन खोल्या ओलांडायच्या असतात, तिथे अॅडॅप्टर लागतोच. मग दोन्ही पट्ट्यांचं, ओळखीच्या चिपचं डोंगल आणि सोबत ती मीटरभर केबल. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारी उपकरणं आपल्याकडच्या वेगवेगळ्या फेजच्या घरांत बेभरवशाची निघतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

वायफाय ७ ची कार्डं आता दुकानात दिसू लागली आहेत. ती विंडोज ११ च्या २४ एच २ या आवृत्तीपासून पुढे पूर्ण चालतात. विंडोज १० ला ६ गिगाहर्ट्झचा पट्टाच दिसत नाही आणि त्या विंडोजचा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्याकडे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी परवानामुक्तीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि कंपनीने दिलेला वायफाय ५ चा राउटर असताना असं कार्ड घेणं ही निव्वळ हौस आहे. हौसेला मोल नसतं, पण ते कार्ड त्या राउटरशी वायफाय ५ चीच भाषा बोलणार, एवढं माहीत असू द्या.

घेतलंच काही, तर ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा आणि खोकं टाकून देऊ नका. माळ्यावर ठेवा. नखाएवढ्या डोंगलवरची अक्षरं वर्षभरात पुसतात. आवृत्तीचा तो एक आकडा मग फक्त खोक्यावर उरतो.